एम-६ टाकी आणि सहा आठवड्यांचा बंद : विशाखापट्टणमच्या स्टायरीन गळतीचा प्रकरण अभ्यास

७ मे २०२०. पहाटेचे तीन वाजत आले होते. विशाखापट्टणमच्या गोपालपट्टणम भागातल्या एलजी पॉलिमर्स या कारखान्याच्या आवारातून पांढरट धुक्यासारखी वाफ निघाली आणि शेजारच्या आर. आर. वेंकटापुरम गावात उतरली. माणसं झोपेत होती. डोळे चुरचुरले, श्वास कोंडला म्हणून जी उठली ती घराबाहेर पळाली आणि त्यातली बरीच रस्त्यातच कोसळली. बारा माणसं गेली. शेकडो लोकांना इस्पितळात दाखल करावं लागलं. गुरं जागच्या जागी मेली. पुढच्या काही दिवसांत आसपासच्या झाडांची पानंही करपली.

कारखाना त्या रात्री चालू नव्हता. कोविडच्या टाळेबंदीमुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून उत्पादन थांबलेलं होतं. रिअ‍ॅक्टर थंड, पॅकिंग बंद, कामगार घरी. देखभालीपुरती मोजकी माणसं येत-जात होती आणि कारखाना पुन्हा सुरू करायची तयारी चालली होती. घात झाला तो साठ्याच्या एका टाकीत, तिचं नाव एम-६. या टाकीत काही बनत नव्हतं, नुसतं साठवलेलं होतं.

मी रासायनिक कारखान्यात सुरक्षा आणि पर्यावरणाचं काम करतो. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या शटडाउनआधी प्रत्येक वर्षी कोणी ना कोणी मला म्हणतं, "आता प्लांट बंद होतोय, आठवडाभर तुम्हाला आराम." हे वाक्य ऐकलं की मला एम-६ टाकी आठवते. म्हणून हे प्रकरण मी नव्या मुलांना दर वेळी पहिल्यापासून सांगतो. इथेही तसंच सांगणार आहे. बंद कारखान्याचा धोका आपल्या नियोजनात कुठे लिहिलेला असतो, हा माझा मुख्य प्रश्न आहे. विशाखापट्टणमला तो कुठेच लिहिलेला नव्हता.

कारखाना आधी, शहर नंतर

हा कारखाना १९६१ साली हिंदुस्तान पॉलिमर्स या नावाने सुरू झाला. १९७८मध्ये तो मॅकडॉवेल कंपनीत विलीन झाला आणि १९९७मध्ये दक्षिण कोरियाच्या एलजी केमने तो घेतला. स्टायरीनपासून पॉलिस्टायरीन बनवायचं, हा मुख्य धंदा. आपण ज्याला सरसकट थर्माकोल म्हणतो त्याचा कच्चा मालही याच कुळातला. सुरुवातीला ही जागा शहराबाहेर होती. पुढच्या साठ वर्षांत शहर वाढत वाढत कुंपणाला येऊन भिडलं. हे आपल्याकडे नवीन नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ला आणि पुन्हा २३ मे २०२४ला स्फोट झाले, तेव्हा काचा फुटल्या त्या आसपासच्या इमारतींच्याच.

"कारखाना आधी होता, लोक नंतर आले" हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. इतिहास म्हणून ते खरं असतं, पण जोखमीच्या हिशोबात त्याचा काही उपयोग नाही. शेजारी घर उभं राहिलं त्या दिवशी टाकीतल्या त्याच रसायनाचा धोका वाढतो, कारण वाफ पोचेल त्या अंतरात आता माणूस आहे. जोखमीचा अभ्यास दर काही वर्षांनी नव्याने का करायचा, याचं कारण टाकी जुनी होते एवढंच नसतं, तिच्या भोवतालचा नकाशाही बदलतो.

हा नकाशा नव्याने तपासायची एक ठरलेली जागा म्हणजे पर्यावरण मंजुरी. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे क्षमता वाढवताना ती घ्यावी लागते आणि त्या प्रक्रियेत जोखीम अभ्यास व जनसुनावणी येते. या कंपनीने मे २०१९मध्ये स्वतःच प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं होतं की, होत असलेल्या उत्पादनाला साजेशी वैध पर्यावरण मंजुरी आपल्याकडे नाही. राज्याच्या परवानग्यांवर कारखाना चालत राहिला. गळती याच्या बरोबर एक वर्षानंतरची. बऱ्याच कारखान्यांत मंजुरी हे फायलीचं काम समजतात. इथे त्या एका फायलीअभावी "टाकीतून वाफ निघाली तर ती कोणाच्या घरात जाईल" हा प्रश्न विचारायची हक्काची संधी हुकली.

स्टायरीनचा स्वभाव

पुढचं समजायला थोडं रसायनशास्त्र लागेल. स्टायरीन हे पाण्यासारखं पातळ, उग्र गोडसर वासाचं द्रव. उकळबिंदू १४५ अंश सेल्सियस, म्हणजे साध्या तापमानाला ते शांत पडून असतं. पण त्याचे रेणू आपणहून एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्यांचा पॉलिमर बनू शकतो. ही जोडणी होताना उष्णता बाहेर पडते, उष्णतेने जोडणी आणखी वेगाने होते, आणि त्यातून पुन्हा उष्णता. उष्णता बाहेर जायला वाट नसेल तर पूर्ण जोडणीतून निघालेली उष्णता त्याच द्रवाचं तापमान तीनशे अंशांच्या आसपास वाढवू शकते. साधारण ६५ अंशांच्या पुढे गेलं की प्रकरण हाताबाहेर जायला लागतं.

हे होऊ नये म्हणून दोन लगाम असतात. एक थंडावा. दुसरा टीबीसी, म्हणजे टर्शरी ब्युटाइल कॅटेकॉल. हा इन्हिबिटर, म्हणजे जोडणी रोखणारं रसायन, १० ते १५ पीपीएम (दहा लाख भागांत १० ते १५ भाग) एवढ्या किरकोळ प्रमाणात घालतात. तो जोडणी सुरूच होऊ देत नाही. मात्र टीबीसीला काम करायला द्रवात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नसेल तर टीबीसी असूनही नसल्यासारखा.

स्टायरीन साठवणाऱ्यांच्या हाताशी एक तक्ता असतो. माझ्या मते तो टँक फार्मच्या, म्हणजे साठ्याच्या टाक्यांच्या आवाराच्या, भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवा. १२ पीपीएम टीबीसी आणि पुरेसा ऑक्सिजन असेल तर स्टायरीन साधारण १५ अंशांना सहा महिने टिकतं, २९ अंशांना तीन महिने आणि ४३ अंशांना फक्त आठ ते बारा दिवस. आणि ऑक्सिजन ३ पीपीएमच्या खाली गेला असेल तर? १५ अंशांना दहा-पंधरा दिवस. २९ अंशांना चार-पाच दिवस. ४३ अंशांना चोवीस तासांपेक्षा कमी.

आता हा तक्ता सहा आठवड्यांच्या टाळेबंदीशेजारी ठेवून पाहा. आंध्रच्या किनाऱ्यावरचा एप्रिल, टाकीच्या पत्र्यावर दिवसभर ऊन, आणि आतला माल हलतही नाही. एरवी कारखाना चालू असताना स्टायरीन रोज वापरलं जातं, नवा माल येतो, त्याबरोबर ताजा इन्हिबिटर येतो. कामाच्या ओघात टाकी आपोआप सुरक्षित राहते. उत्पादन थांबलं की हा ओघही थांबतो. म्हणजे या मालाच्या बाबतीत बंद कारखाना चालू कारखान्यापेक्षा जास्त धोक्याचा. हे लक्षात आलं की पुढचा सगळा घटनाक्रम वेगळा दिसायला लागतो.

टाकीत काय घडत गेलं

एम-६ ही आवारातली जुनी, मोठी टाकी. क्षमता २४०० किलोलिटर, आणि त्या रात्री तिच्यात अठराशे टनांहून जास्त स्टायरीन होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नेमलेली समिती आणि आंध्र सरकारची उच्चाधिकार समिती, या दोन्हींच्या तपासातून जे पुढे आलं त्यातल्या चार गोष्टी मी एकत्र ठेवतो. सुट्या घेतल्या तर प्रत्येक गोष्ट किरकोळ वाटते.

थंडाव्याची यंत्रणा सकाळी आठ ते संध्याकाळी पाच एवढीच चालवली जात होती. रात्रभर बंद.

तापमान मोजणारा सेन्सर टाकीच्या तळाजवळ होता. मधल्या आणि वरच्या थराचं तापमान मोजायची सोयच नव्हती.

टीबीसीचा साठा कारखान्यात शिल्लक नव्हता. द्रवातला ऑक्सिजन मोजण्याची व्यवस्थाही नव्हती.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डिसेंबर २०१९मध्ये या टाकीतलं द्रव फिरवणाऱ्या पाइपिंगमध्ये बदल केला गेला. त्यानंतर चिलरमधून थंड होऊन आलेलं द्रव वरच्या थरापर्यंत नीट पोचेना. ते तळातल्या तळातच फिरत राहिलं.

आता लॉगशीट भरणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. उष्ण द्रव हलकं, ते वर चढतं. थंड द्रव जड, ते तळाशी बसतं. वरचा थर उन्हाने तापलेल्या छताखाली आहे, तिथे चिलरचं थंड द्रव पोचत नाही. खालचा थर मात्र छान थंड, आणि सेन्सर नेमका तिथेच. तो माणूस प्रामाणिकपणे आकडा वाचतो, प्रामाणिकपणे लिहितो, आणि आकडा रोज समाधानकारकच येतो. त्याच्या डोक्यावर दहा-बारा मीटरवर टाकी आतून पेटायला लागली आहे याची त्या कागदावर कुठेही नोंद होऊ शकत नाही, कारण त्या कागदात तो रकानाच नाही.

मला त्या लॉगशीटची भीती वाटते. खोटी नोंद पकडता येते. चुकीच्या जागी घेतलेली खरी नोंद वर्षानुवर्षं खपून जाते. ऑडिटलाही ती छान दिसते. नमुन्याचंही तसंच. पॉलिमरचं प्रमाण तपासायला ज्या उंचीवरून नमुना काढाल त्या उंचीपुरतंच तो सांगणार.

स्टायरीनच्या टाकीत आणखी एक गोष्ट होते, ती टँक फार्मवर काम केलेल्यांनाच माहीत असते. टीबीसी वाफेबरोबर वर जात नाही. छतावर जी वाफ थंड होऊन थेंब बनते, तिच्यात इन्हिबिटर नसतो. तिथे पॉलिमर साचत जातो आणि गुहेतल्या लवणस्तंभासारखा छताला लोंबू लागतो. व्हेंट (वाफ बाहेर सोडणारं तोंड) आणि फ्लेम अरेस्टर (बाहेरची ज्योत आत येऊ न देणारी जाळी) त्याने बुजू शकतात. म्हणून अशा टाक्या आतून उघडून बघाव्या लागतात, अस्तर तपासावं लागतं. टाकी जुनी असली की हे काम जास्त वेळा करावं लागतं. कामाच्या घाईत मागे पडतं तेही हेच.

६ मेच्या रात्री वरच्या थरातली जोडणी लगाम तोडून सुटली. तापमान चढत उकळबिंदूपर्यंत गेलं आणि टाकी उकळू लागली. टाकी फुटली नाही. वरच्या तोंडांतून वाफ बाहेर पडत राहिली आणि ती वाफच उष्णता घेऊन जात राहिली, म्हणून स्फोट टळला. पण टाकीने जी उष्णता बाहेर टाकली ती स्टायरीनच्या रूपात गावात उतरली. सुमारे ८०० टन वाफ. ही वाफ हवेच्या साडेतीन पटींहून जड. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी सखल भागाकडे सरकते, गल्ल्यांत आणि घरांत भरते. ७०० पीपीएमला स्टायरीन जिवाला तत्काळ धोकादायक समजतात. टाकीच्या इतक्या जवळ, वारा पडलेल्या पहाटे, माणसाला सावरायला वेळच मिळाला नाही.

सायरन

आवारात सायरन वाजवण्यासाठी ३६ ठिकाणी बटणं होती. एक मुख्य दरवाजाशीसुद्धा होतं. सायरन वाजला नाही.

हे वाचताना दर वेळी मी इथे थांबतो. पाइपिंगमधला बदल समजायला अभियंता लागतो, ऑक्सिजनचा तक्ता समजायला रसायनतज्ज्ञ लागतो. बटण दाबायला कोणीही चालतं. मग का दाबलं गेलं नसेल? त्या रात्रीच्या माणसांबद्दल मी बोलणार नाही. मी पाहिलेल्या मॉक ड्रिलबद्दल बोलतो. आपल्याकडची ड्रिल सकाळी अकराला होते. तारीख आधी ठरते, चहा-नाश्त्याची सोय होते, फॅक्टरी इन्स्पेक्टर येतात, दोन जण जखमी झाल्याचं दाखवतात, फोटो निघतात. सायरन वाजवण्याचा निर्णय ड्रिलमध्ये नेहमी मोठे साहेब घेतात. रात्रपाळीच्या ऑपरेटरला आपण कधी सांगितलेलंच नसतं की, तुला विचारायची गरज नाही, शंका आली की दाब, चुकीचा वाजला तरी तुला कोणी बोलणार नाही. हे लेखी आणि तोंडी, दोन्ही सांगावं लागतं. चुकून वाजलेल्या सायरनबद्दल एकदा जरी कोणाला झापलं, तर पुढच्या वेळी हात थांबतो.

कायदा याबाबत मोघम नाही. धोकादायक रसायनांच्या १९८९च्या नियमांप्रमाणे कारखान्याने आवारातल्या आपत्तीचा आराखडा करायचा आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यायची. आवाराबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाचा. कारखाने अधिनियमाचं कलम ४१-ब, जे भोपाळनंतर १९८७मध्ये घातलं गेलं, ते तर आणखी पुढे जातं. धोका काय आहे आणि तो घडला तर काय करायचं, हे कामगारांना आणि आसपास राहणाऱ्या लोकांनाही सांगणं कारखान्यावर बंधनकारक आहे. वेंकटापुरममधल्या माणसाला त्या पहाटे तीन गोष्टी माहीत असत्या तरी फरक पडला असता : वाफ जड आहे, सखल जागी जाऊ नका; वाऱ्याच्या पुढे पळू नका, आडव्या दिशेने निघा; नाका-तोंडावर ओलं फडकं धरा. गावात एक सभा घेऊन, तेलुगूत एक पत्रक वाटून होणारं हे काम.

१९८४ची टाकी

भोपाळचं नाव घेतल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. वायूची तुलना इथे करायची नाही. भोपाळचा एमआयसी, म्हणजे मिथाइल आयसोसायनेट, स्टायरीनपेक्षा कैक पटींनी विषारी, आणि भोपाळची हानी कुठल्याही मापात बसत नाही. तुलना करायची ती परिस्थितीची. डिसेंबर १९८४मध्ये भोपाळच्या कारखान्यातही एमआयसीचं उत्पादन थांबलेलं होतं, ऑक्टोबरपासून. ई-६१० टाकीत चाळीस टनांच्या वर माल नुसता साठवलेला होता. टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. तिथेही रात्र, तिथेही साठ्याची टाकी, तिथेही लोकांसाठीचा सायरन थोडा वेळ वाजवून बंद केलेला.

दोन्ही ठिकाणी थंडावा हा उत्पादनाचा खर्च म्हणून मोजला गेला, उत्पादन थांबलं की तो कमी करायचा. खरं तर तो साठ्याच्या सुरक्षेचा खर्च आहे. माल टाकीत आहे तोवर तो चालू राहायला हवा. बजेटमध्ये तो कुठल्या खात्यावर पडतो, यावरून चिलर संध्याकाळी पाचला बंद होणार की नाही हे ठरतं. मी आमच्याकडे हा खर्च उत्पादनाच्या खात्यातून काढून सुरक्षेच्या खात्यात टाकायला लावला, त्यासाठी अकाउंट्सशी तीन महिने भांडावं लागलं. भांडण योग्य होतं असं आजही वाटतं.

कुठे कुठे वळता आलं असतं

प्रकरण अभ्यासाचा खरा उपयोग इथे. झाल्या गोष्टीकडे मागे वळून बघताना सगळंच स्पष्ट दिसतं, म्हणून मी स्वतःवर एक बंधन घालतो : त्या-त्या तारखेला त्या खुर्चीतल्या माणसाला जे माहीत होतं किंवा सहज कळलं असतं, तेवढ्यावरच बोलायचं.

डिसेंबर २०१९. पाइपिंग बदलायचं ठरलं. कुठल्याही चांगल्या कारखान्यात अशा बदलाला एमओसीचा, म्हणजे बदल व्यवस्थापनाचा फॉर्म भरतात. त्यात एकच प्रश्न नीट विचारला गेला असता तर पुरे होतं : या बदलानंतर थंड द्रव टाकीत कुठे जाईल? ज्याने पाइप बदलला त्याला कदाचित पंपाची, गळतीची किंवा देखभालीची अडचण सोडवायची असेल. त्याचं त्याच्यापुरतं बरोबर. पण पाइपचं काम आणि थंडाव्याचं काम वेगवेगळ्या टेबलांवर असतं, आणि त्या दोन टेबलांना एकत्र बसवणं हेच तर या फॉर्मचं काम. वरच्या आणि मधल्या थरात आणखी दोन तापमापी बसवायचं सुचलं असतं तर तेही इथेच.

मार्चचा शेवटचा आठवडा. टाळेबंदी अचानक आली, हे मान्य. चोवीस तासांत कारखाने बंद करावे लागले, पास मिळवताना सगळ्यांचे हाल झाले, आमचेही झाले. पण पहिल्या आठवड्यानंतर हे लांबणार याचा अंदाज सगळ्यांना आला होता. त्या वेळी "आपल्याकडे असा कुठला माल आहे जो पडून राहिला तर बिघडतो?" ही एक यादी करायला हवी होती. त्या यादीत स्टायरीन पहिल्या ओळीत आलं असतं आणि त्याच्यापुढे टीबीसी, ऑक्सिजन, थंडावा हे तीन रकाने.

टीबीसी किती लागतं, याचा हिशोब मी एकदा फळ्यावर मांडला तेव्हा वर्ग गप्प झाला. अठराशे टन स्टायरीनमध्ये १० पीपीएमने वाढ करायची तर शुद्ध टीबीसी लागतं १८ किलो. १५ पीपीएमने करायची तर २७ किलो. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याएवढं वजन. ते टाकीत नीट मिसळायला हवं, द्रवात ऑक्सिजन हवा, हे सगळं आहेच. पण साठा म्हणून बघितलं तर एका कोपऱ्यातल्या ड्रममध्ये मावेल एवढी ही वस्तू. गळतीनंतर ७ मेला हेच रसायन गुजरातमधल्या वापीहून ५०० किलो, विमानाने मागवावं लागलं. त्याच दिवशी पुण्याहून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं रासायनिक आपत्तीसाठी सज्ज असलेलं पथक आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतले तज्ज्ञ विशाखापट्टणमकडे रवाना झाले. देशभर विमानं थांबलेली असताना हे सगळं काही तासांत हललं.

मेचा पहिला आठवडा. पुन्हा सुरू करायची तयारी. लांबलेल्या बंदनंतरची सुरुवात नव्या कारखान्याच्या सुरुवातीइतकीच नाजूक असते. व्हॉल्व्ह अडकलेले असतात, गेज खोटं दाखवतात, रोजचे हात जागेवर नसतात. एम-६ची वरून तपासणी, वेगवेगळ्या उंचीचे नमुने, चिलर दिवसरात्र, एवढं या आठवड्यातही जमलं असतं.

नंतरचे महिने

हरित न्यायाधिकरणाने दुसऱ्याच दिवशी, ८ मेला, स्वतःहून दखल घेऊन कंपनीला ५० कोटी रुपये भरायला सांगितलं आणि निवृत्त न्यायमूर्ती बी. शेषशयन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कंपनीची जबाबदारी निरपवाद धरली गेली. या तत्त्वाचा उगम दिल्लीतल्या श्रीराम कंपनीच्या ओलियम गळतीच्या खटल्यात आहे. १९८६च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, धोकादायक धंदा करणाऱ्याला "आमची चूक नव्हती" हा बचाव उपलब्ध नाही. जोखमीचं नियोजन करणाऱ्याने हे वाक्य पाठ ठेवावं. चूक कोणाची हे शोधत बसण्यात व्यवस्थापनाचा जो वेळ जातो, त्याला न्यायालयात फारशी किंमत नाही.

राज्य सरकारने मृतांच्या कुटुंबांना एकेक कोटी रुपये दिले. उच्चाधिकार समितीचा अहवाल ६ जुलैला आला आणि लगेच मुख्य कार्यकारी अधिकारी व दोन संचालकांसह कंपनीच्या बारा जणांना अटक झाली. सरकारी अधिकारीही निलंबित झाले.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ९ मेला, गळतीनंतर दोन दिवसांत, टाळेबंदीनंतर कारखाने पुन्हा सुरू करण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिला आठवडा चाचणीचा समजा, लगेच जास्त उत्पादनाच्या मागे लागू नका, साठवलेल्या रसायनांची आधी तपासणी करा. सूचना नेमक्या आहेत. आम्ही त्या छापून शटडाउनच्या फायलीत लावल्या, आणि आता प्रत्येक बंदनंतर, मग तो गणपतीचा चार दिवसांचा का असेना, त्यातली साठ्याची तपासणी करूनच वीज चढवतो. आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला आहे : "बंद काळात कोणती टाकी चालू आहे?" सुरुवातीला ऑपरेटर विचारायचे, टाकी चालू म्हणजे काय. आता विचारत नाहीत. मे महिन्यात टँक फार्मवरचा आमचा एक जुना माणूस टाकीच्या शिडीवर चढता चढता दर चार-पाच पायऱ्यांवर पत्र्याला हात लावून बघतो, मग वरच्या तापमापीचा आकडा लिहितो, आणि दोन्ही जुळत नसतील तर खाली येऊन सांगतो.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती शेवटची नोंद. गळतीनंतर कारखान्यातल्या बाकीच्या टाक्यांत आणि बंदरावर मिळून सुमारे १३,००० टन स्टायरीन होतं. राज्य सरकारने ते तिथे ठेवू दिलं नाही. टाळेबंदी चालूच होती, तरीही मे महिन्यातच जहाजं लागली, पाइप जोडले गेले आणि तो सगळा माल समुद्रमार्गे दक्षिण कोरियाला परत गेला.